आधी चारा, मग गळ

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात काही बोलण्याची कामगिरी मंडळाच्या चालकांनी मजवर सोपविली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न साहजिकच पुढे उभा राहिला. शिक्षण, हुंडा, व्यसनमुक्ती आणि संघटना या विषयांवर अधिकारी वक्ते दरवर्षी बोलतात व ते बोलणे अवश्यही आहे. परंतु ज्या विद्येवर आपल्या वाडवडिलांनी संसार केले आणि जिच्यावर हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाचही तालुक्यांतील आपल्या भोई समाजाच्या कित्येक घरांची चूल आजही पेटते, त्या मासेमारीच्या विद्येविषयी आपल्याच मेळाव्यात क्वचितच कोणी बोलतो. यास्तव मी आज एकच लहानसा विषय घेतला आहे. मोठा मासा गळाला लागावा म्हणून पाण्यात आधी चारा कसा टाकावा, आमिष कसे सिद्ध करावे, आणि हे सर्व करीत असता आपण कोठे थांबावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हा विषय सभेत मांडण्याजोगा आहे काय, अशी शंका कोणाच्या मनात येईल. चारा टाकणे ही पोरासोरांची गंमत, खरी मासेमारी ती जाळ्याची, असे समजणारे पुष्कळ आहेत. जाळे सोडून द्या असे मी म्हणणार नाही. जाळ्यावाचून आपला निभाव लागणार नाही हे मीही जाणतो. परंतु जाळे जे सापडेल ते घेते. गळ व चारा यांनी मात्र माणसाला निवड करता येते. कोणता मासा घ्यावयाचा, केवढा घ्यावयाचा आणि कोणता पाण्यात राहू द्यावयाचा, हे ठरविण्याचे सामर्थ्य ज्या साधनात आहे, त्या साधनाचे महत्त्व आजच्या दिवसांत कमी नसून अधिक आहे, हे मी पुढे दाखविणार आहे.

प्रथम आपल्या पाण्याचा विचार करू. आपल्या आजोबा-पणजोबांनी जी मासेमारी केली ती नदीची. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या आपल्या नद्या. उन्हाळ्यात धार बारीक होई आणि मासा डोहात गोळा होई. कोणता डोह किती खोल, कोणत्या खडकाच्या कपारीत वाम दडते, कोणत्या वळणावर पहाटे मासा उडतो, हे मुलाला बापाकडून समजत असे. मासा शोधण्याचे निम्मे काम नदीच करून ठेवीत असे. पुढे पूर्णेवर वरच्या अंगाला येलदरी आणि खालच्या अंगाला सिद्धेश्वर ही धरणे उभी राहिली व १९६८ साली पूर्ण झाली. त्या वेळी आपला मुलूख परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. पैनगंगेवर यवतमाळच्या सीमेला लागून इसापूरचे धरण १९८२ साली पूर्ण झाले. पाणी वाढले, शेती भिजली, परंतु डोह मात्र बुडाले. जेथे हाताच्या अंतरावर मासा होता, तेथे आता क्षितिजापर्यंत पाणी पसरले आणि मासा कोठे आहे हे सांगणारी नदीची खूण पाण्याखाली गेली.

मासाही बदलला. कटला, रोहू व मृगळ हे मुख्यतः उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे मासे. त्यांचे बीज पूर्वी पुराच्या पाण्यातून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मस्तकातील ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची वीण करवून दाखविली, आणि त्यानंतर मत्स्यबीज केंद्रे निघून हे मासे देशभरच्या तलावांत व जलाशयांत पोहोचले. आज आपल्या सहकारी संस्था पैसे मोजून जलाशयात जे बीज सोडतात, त्याचे मूळ त्या दिवसात आहे. सारांश, पाणी नवे आणि मासाही पुष्कळ अंशी नवा. अशा अफाट पाण्यात चारा हा एकच उपाय असा आहे की ज्याने आपल्याला आपला डोह पुन्हा निर्माण करता येतो. नदीने जे काम फुकट केले, ते आता आपण पेंडेच्या व कोंड्याच्या मुठीने करावयाचे आहे. चाऱ्याचे सर्व मर्म एवढ्यात आले.

ही विद्या परक्यांची नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने इसवी सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आणि आपला मराठवाडा हा त्या राज्याचाच भाग. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजकारण आहे, वैद्यक आहे, पाकशास्त्र आहे आणि त्यातच ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. सुमारे ३५ प्रकारचे मासे त्यात सांगितले आहेत. समुद्रातले कोणते व नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, अशी त्यांची विभागणी केली आहे. एवढे सांगून राजा थांबत नाही. गळाने मासा धरण्यापूर्वी त्यास खाद्य घालून पोसावे, आणि कोणत्या माशास कोणते खाद्य घालावे, हेही तो सांगतो. डॉ. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. इंग्लंडात आयझॅक वॉल्टन यांचा गळाच्या मासेमारीवरील विख्यात ग्रंथ १६५३ साली निघाला आणि त्यातही आधी चारा टाकून मासा जमविण्याची रीत आहे. परंतु आपल्या भूमीतील राजाने ती त्यापूर्वी पाच शतके लिहून ठेविली होती. राजाला मासे दाखविणारे, त्यांची नावे व खोडी सांगणारे लोक पाण्यावर जगणारेच असले पाहिजेत, असे मला वाटते. ग्रंथावर नाव राजाचे आले, आणि विद्या मात्र होडीत बसणाऱ्यांची होती.

ज्यांना चाऱ्याच्या सामर्थ्याविषयी शंका असेल त्यांनी देवाचे डोह पाहून यावेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. पालघर जिल्ह्यात वाडे तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे महादेवाचे स्थान आहे. तेथील मासे देवाचे मानले जातात. त्यांना कोणी मारीत नाही व भाविक त्यांना चारा घालतात. दख्खनच्या नद्यांतील मोठा महशीर मासा, जो अन्यत्र माणसाची सावली पडताच खोल जातो, तो तेथे हातभर अंतरावर येऊन उभा राहतो. मासा तोच, स्वभावही तोच. नित्य, ठराविक जागी, निर्भय वातावरणात अन्न मिळते एवढे त्यास कळले की तो आपली भीती सोडतो. देवाच्या डोहातील माशावर गळ टाकणे हे पाप आहे आणि तसे कोणी करू नये. तेथून घ्यावयाचा आहे तो फक्त धडा.

आता माशाच्या शरीराविषयी दोन शब्द, कारण शरीर समजले की रीत आपोआप समजते. कटला, रोहू, मृगळ व सायप्रिनस यांच्या कुळातील माशांना आपल्यासारखे जठर नसते. दात जबड्यात नसून घशात असतात. अन्न घशात चिरडले जाते व थेट आतड्यात उतरते. साठवणीची पिशवीच नसल्यामुळे असा मासा एकदम पोटभर जेवून दिवसभर स्वस्थ बसत नाही. तो थोडे थोडे, वारंवार खातो. म्हणून चाराही थोडा थोडा व वारंवार टाकावयाचा असतो. टोपलीभर पेंड एकदम पाण्यात लोटणारा माणूस उदार दिसला तरी तो माशाचा स्वभाव विसरलेला असतो.

तोंडाची ठेवणही पाहावी. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली असून तो तळाशी वेचतो. तेव्हा कटल्यासाठी चारा असा हवा की जो पाण्यात पडताच विरघळून ढगासारखा तरंगत राहील. बारीक चाळलेला तांदळाचा कोंडा आणि भट्टीवरच्या फुटाण्यांचे पीठ यांचा सैल गोळा त्याला उत्तम. मृगळ व सायप्रिनस यांच्यासाठी गोळा घट्ट हवा. तो तळाला जाऊन तेथे सावकाश फुटावा. त्यासाठी पेंडेत थोडी स्वच्छ चिकणमाती मळावी. औषध वा खत लागलेल्या शेतातील माती मुळीच घेऊ नये. आपल्यापैकी ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चणे-फुटाण्यांची भट्टी होती, त्यांच्या तळाशी उरणारा चुरा हा चाऱ्यात सोन्यासारखा आहे, तो फेकू नये.

जागेची निवड ही चाऱ्याइतकीच महत्त्वाची. जलाशयाखाली जुनी नदी अद्याप आहे हे विसरू नये. तिचे पात्र, तिची वळणे, तिला मिळणारे नाले पाण्याखाली तसेच आहेत, आणि मोठा मासा त्याच वाटांनी फिरतो. दोरीला दगड बांधून खोली मोजीत जावे. उथळ पठार संपून जेथे एकदम खोली लागते तो काठ, नाल्याचे बुडालेले मुख, जुन्या बांधाची ओळ, ही ठिकाणे चाऱ्यास योग्य. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जी जमीन उघडी पडते ती मुलांना बरोबर घेऊन पायी पाहून ठेवावी. पावसाळ्यानंतर ती उपयोगी पडते. वारा सतत एका दिशेने वाहत असला तर पाण्यावरचे सूक्ष्म खाद्य समोरच्या काठाला लागते व त्यामागे कटला जातो, हेही ध्यानात असू द्यावे. बुडालेल्या झाडांच्या अगदी आत चारा टाकू नये. मासा येईल, परंतु गळाला लागल्यावर फांदीत शिरून दोर तोडील.

चारा कशाचा करावा? आपल्या गावात जे सहज व स्वस्त मिळते त्याचाच. भिजविलेली शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा किंवा गव्हाचा कोंडा, उकडलेली ज्वारी, मका, भिजवून शिजविलेले हरभरे, एवढ्यांत आपले काम होते. धान्य कोरडे कधीही टाकू नये. ते माशाच्या पोटात फुगते. बुरशी आलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण त्या बुरशीचे विष माशाला बाधते आणि तो मासा पुढे आपल्याच ताटात येतो. या कुळातील माशांच्या ओठांवर व मिशांवर चव जाणणारे बिंदू असतात आणि वासाचे ज्ञानही तीक्ष्ण असते. म्हणून रॉकेल, तंबाखू वा साबण लागलेल्या हाताने गोळा मळू नये. घरातील माताभगिनींना कणीक किती घट्ट मळावी हे जेवढे कळते तेवढे पुरुषांना कळत नाही. आमिषाचा गोळा त्यांच्या हातचा असला तर तो पाण्यात टिकतो, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल.

वेळेचा नियम असा. रोज त्याच जागी, त्याच वेळी, बेताचाच चारा टाकावा. निदान तीन दिवस, साधल्यास आठवडाभर, गळ मुळीच टाकू नये. हाच भाग सर्वांत कठीण आहे. पाण्यात हालचाल दिसू लागते, हात शिवशिवतात आणि दुसऱ्याच दिवशी गळ पडतो. लहान मासे निघतात, आणि मोठा मासा, जो अजून दुरून पाहत असतो, तो ती जागा सोडून जातो. चारा प्रथम लहान माशांनाच सापडतो. त्यांची लगबग ऐकून मध्यम मासे येतात. मोठा मासा वयाने मोठा असतो व म्हणूनच सावध असतो. तो शेवटी येतो, बहुधा अंधुक उजेडात येतो आणि चाऱ्याच्या मध्यभागी न येता कडेने व तळाशी फिरतो. तो आला याची खूण अशी की चाऱ्यावर खळबळ करणारी बारीक मासळी अकस्मात पांगते, आणि तळातून बुडबुड्यांची रांग वर येते. थंडीत माशाची भूक मंदावते. तेव्हा चारा निम्म्याहून कमी करावा आणि सकाळी उशिरा, ऊन चढल्यावर बसावे.

गळ टाकण्याच्या दिवशी चारा आणखी कमी करावा. माशाला जागेवर धरून ठेवण्यापुरती मूठ अधूनमधून पडत राहावी. त्याची भूक भागू नये. आमिष चाऱ्याच्याच वासाचे व चवीचे असावे, मात्र आकाराने मोठे व अधिक टणक असावे, म्हणजे बारीक मासळीला ते कुरतडता येत नाही. घट्ट कणकेत फुटाण्यांचे पीठ व थोडी पेंड मळून केलेला लिंबाएवढा गोळा, शिजविलेल्या हरभऱ्यांची जोडी, उकडलेल्या रताळ्याचा तुकडा, ही मोठ्या माशाची आमिषे. गांडुळावर सर्वच मासे येतात, आणि म्हणूनच निवड करावयाची असता ते सोयीचे नाही. गळ माशाच्या तोंडास शोभेल असा मोठा घ्यावा; लहान गळ लहान माशाच्या घशात जातो आणि त्यास सोडून द्यावयाचे म्हटले तरी तो जगत नाही.

येथे शांततेविषयी सांगितले पाहिजे. कटला-रोहूचे कूळ आणि शिंगाळ्यासारखे मिशाळ मासे यांच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने ती १८२० साली वर्णिली. तिच्यामुळे या माशांना आपल्या कल्पनेपेक्षा फार चांगले ऐकू येते. होडीच्या फळीवर डबा आपटला की तो आवाज पाण्यात दूरवर जातो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या कुळातील माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळते व त्याच्या जातभाईंना धोक्याची सूचना मिळते. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे १९३८ साली दाखवून दिले. मधमाशांवरील कार्यासाठी पुढे १९७३ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेच हे शास्त्रज्ञ. आपल्या जुन्या माणसांनी चाऱ्याच्या जागी मासा कापू नये, धुऊ नये असा जो दंडक घातला होता, त्याचे कारण आता विज्ञानाने सांगितले. लागलेला मासा चाऱ्यापासून बाजूला ओढून न्यावा, दूर काठावर काढावा आणि साफसफाई घरी करावी.

मरळ, शिवडा व शिंगाळा हे शिकारी मासे. त्यांना पेंड व कोंडा यांत रस नाही. परंतु चाऱ्यावर जमलेल्या बारीक मासळीच्या मागे तेही येतात. म्हणून चाऱ्याच्या कडेला, संध्याकाळनंतर, लहान माशाचे आमिष लावलेला दुसरा गळ ठेवण्याची चाल आहे. मात्र एक बंधन पाळावे. मरळ आपल्या पिलांची राखण करते. पावसाळ्यात पाण्याच्या कडेला बारीक पिलांचा घोळका एकत्र फिरताना दिसला तर त्याखाली मरळीचे जोडपे असते. त्या वेळी ती कशावरही झेप घेते व सहज सापडते. परंतु ती उचलली की अर्ध्या घटकेत इतर मासे तिची पिले फस्त करतात. अशी मरळ धरणाऱ्यास हुशार म्हणू नये.

आता जेथे थांबावयाचे त्या गोष्टींकडे वळतो. पहिली गोष्ट चाऱ्याच्या प्रमाणाची. न खाल्लेला चारा तळाशी कुजतो व कुजताना पाण्यातील प्राणवायू खातो. मोठ्या जलाशयात हे चटकन जाणवत नाही, परंतु गावतळ्यात किंवा उन्हाळ्यात आटलेल्या पाण्यात पहाटे प्राणवायू आधीच कमी असतो. अशा वेळी चाऱ्याचा ढीग म्हणजे माशांवर संकट. आदल्या दिवशीचा चारा तळाशी शिल्लक आहे असे दिसले तर त्या दिवशी टाकूच नये. पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात चारा टाकणे सर्वथा वर्ज्य समजावे. ज्या पाण्याचा ठेका दुसऱ्या संस्थेकडे आहे, तेथे परवानगीवाचून बसू नये. आपल्या हक्कासाठी जो भांडतो त्याने दुसऱ्याचा हक्कही मानला पाहिजे.

दुसरी गोष्ट बारीक आसाच्या जाळ्याची. येथे मी स्पष्ट बोलणार आहे. काही पाण्यांवर मच्छरदाणीसारखी जाळी ओढली जातात. त्यांत बोटाएवढे कटल्याचे पिलू येते आणि बाजारात किरकोळ मासळी म्हणून वाट्यावर विकले जाते. चांगल्या पाण्यात तेच पिलू पहिल्या वर्षात किलोच्या आसपास जाते. हिशेब कोणीही करावा. १०० ग्रॅमचे दहा मासे मिळून आज एक किलो भरते. तेच दहा मासे वाढू दिले आणि त्यांतले निम्मे जरी हाती लागले तरी पाच किलो होते, आणि मोठ्या माशाला दर किलोला भावही अधिक मिळतो. संस्थेने पैसे देऊन सोडलेले बीज आपणच पिलू असताना काढले, तर पेरलेले बियाणे उकरून खाणाऱ्या शेतकऱ्यात व आपल्यात काय अंतर राहिले? चाऱ्याला खर्च येतो असे म्हणणाऱ्यांनी हा खर्च ध्यानात घ्यावा. पाण्यात विष कालविणे व सुरुंग उडविणे यांविषयी तर बोलावयासच नको. १८९७ च्या मत्स्य कायद्याने ही दोन्ही कृत्ये दंडनीय ठरविली. विष फक्त मोठ्या माशापुरते थांबत नाही. पिलू, अंडी, झिंगा आणि त्या पाण्यावर येणारे गुरू, सर्वांना ते भोवते.

तिसरी गोष्ट विणीच्या दिवसांची. मृगाच्या पावसानंतर नवे पाणी आले की मासा अंड्यांवर येतो व प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतो. कटला-रोहूची मादी दर किलो वजनामागे लाखाहून अधिक अंडी देते. पाच किलोची मादी म्हणजे पाच लाखांवर अंडी. त्या दिवसांत मासा नाल्यांच्या मुखाशी गर्दी करतो आणि त्यावेळी त्यास धरण्यास चारा लागत नाही, विद्याही लागत नाही. म्हणूनच त्या वेळी धरण्यात कसला पराक्रम नाही. ज्याने वर्षभर चारा टाकून पाणी ओळखले, त्याला पोटाने फुगलेली मादी दिसताच ओळखता येते. तिला ओल्या हाताने, पाण्यातच, गळ काढून सोडून द्यावे. कोरड्या हाताने धरल्यास अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व मासा पुढे रोगाने दगावतो. मोठा मासा धरण्याची विद्या शिकविताना मोठा मासा सोडण्याची गोष्ट मी सांगतो आहे, यात कोणास विसंगती वाटेल. परंतु पुढील वर्षी मोठा मासा हवा असेल तर त्याची आई या वर्षी पाण्यात असावी लागते.

समाजबंधूंनो, पालखी वाहणे, नाव चालविणे, वाळवंटात टरबूज-खरबुजांच्या वाड्या करणे, भट्टी लावणे, अशी अनेक कामे आपल्या समाजाने केली. मेणे गेले, पूल झाले तशा नावा गेल्या, धरणे झाली तशी वाळवंटे गेली. मुले शिकत आहेत, नोकऱ्यांस लागत आहेत, याचा आनंद मला कोणाहूनही कमी नाही. परंतु जी मुले पाण्यावर राहणार आहेत त्यांच्या हाती केवळ स्वस्त नायलॉनचे जाळे असावे आणि पाण्याचे ज्ञान मुळीच नसावे, हे आपल्याला परवडणार नाही. ज्ञान नसलेला मच्छीमार हा पाण्यावरचा मजूर होतो. ज्याचे जाळे अधिक लांब तो त्याला हटवितो.

म्हणून माझी मंडळास एक विनंती आहे आणि कुटुंबांस एक. मंडळाने प्रत्येक तालुक्यातील वृद्ध मच्छीमारांकडून डोहांची नावे, माशांची स्थानिक नावे, कोणत्या महिन्यात कोणता मासा कोणत्या चाऱ्याला लागतो ही माहिती लिहून घ्यावी आणि पुढील वर्षांच्या स्मरणिकांतून ती क्रमाने छापावी. पूर्णेकाठचा मनुष्य एका माशाला जे नाव देतो ते पैनगंगेकाठी वेगळे असते, दोन्ही नोंदवावीत. मृत्यूने एकेक जाणता मनुष्य उचलला की त्याबरोबर एकेक डोह दुसऱ्यांदा बुडतो. आणि कुटुंबांनी घरातील शिकलेल्या मुलाला वा मुलीला एक वही द्यावी. आज किती चारा टाकला, कोठे टाकला, पाणी कसे होते, वारा कोणत्या दिशेचा, काय लागले, कोणता मासा सोडला, एवढे रोज दोन ओळींत लिहावे. वर्षभरात ती वही त्या घरासाठी कोणत्याही पुस्तकाहून उपयोगी ठरेल, आणि मुलाच्या मनात आपल्या व्यवसायाविषयी जी लाज असेल तीही त्या वहीने कमी होईल, असा मला भरवसा वाटतो. सोमेश्वर राजाच्या ग्रंथात राजाचे नाव राहिले व ज्यांनी त्यास मासे ओळखावयास शिकविले त्यांची नावे कोठेच नाहीत. या वेळी लिहिणारा हात आपलाच असावा.